सॅरा व्हॉनची शंभरी आणि एक गाळलेलं गाणं: एका ध्वनिमुद्रणाचं प्रकरण

या प्रकरणातली गायिका, पियानोवादक, रेकॉर्ड कंपनी, अनुदान देणारी संस्था, कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन बारीक तपशीलही बदलले आहेत. मी यात हिशोबनीस होतो. दिवसा न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका कंपनीत आकडेमोड करतो आणि गेली काही वर्षं संध्याकाळी ओळखीच्या जॅझवाल्यांचे हिशोब, परवाने, अनुदानाचे अर्ज असली कामं बघतो. त्यामुळे प्रत्येक बैठकीत हजर असायचो, पण तोंड उघडायचं ते पैशांपुरतंच. ही मर्यादा मी एकदाच ओलांडली, ती हकिकत पुढे येईल.

पार्श्वभूमी

न्यूअर्क म्हटलं की आपल्या लोकांना विमानतळ आठवतो. थोर जॅझ गायिका सॅरा व्हॉन त्या गावची. जन्म २७ मार्च १९२४. वडील सुतारकाम करायचे आणि हौसेने गिटार वाजवायचे. आई लोकांचे कपडे धुवायची आणि माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायची. सॅरा त्याच चर्चमध्ये गायला लागली, लहानपणीच पियानो शिकली. १९४२ मध्ये न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी गायकांच्या स्पर्धेत ‘बॉडी अँड सोल’ गाऊन जिंकली. बक्षीस दहा डॉलर आणि आठवडाभराचं काम. पुढच्याच वर्षी पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बँडने तिला घेतलं, ते गायिका आणि दुसरी पियानोवादक म्हणून. यातला ‘दुसरी पियानोवादक’ हा भाग लक्षात असू द्या. ३ एप्रिल १९९० ला ती कॅलिफोर्नियात गेली, पण निरोप न्यूअर्कच्या त्याच चर्चमध्ये झाला आणि दफन शेजारच्या ब्लूमफील्डमध्ये.

आमची गायिकाही न्यूअर्कचीच. वय शेहेचाळीस, शाळेत संगीत शिकवते, शुक्रवार-शनिवार क्लबात गाते. आधीच्या दोन सीडी पदरमोड करून काढलेल्या. तिची आई सॅराच्या रेकॉर्डी लावून इस्त्री करायची, त्यामुळे तिच्या मते सॅराच्या आवाजाला गरम कापडाचा वास आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात ती म्हणाली, २०२४ मध्ये सॅराची शंभरी आहे, मला तिच्या नावाने एक अल्बम करायचा आहे.

कल्पना नवी नव्हती. जॅझमध्ये थोरांना असा मुजरा करायची जुनी रीत आहे. सॅरा गेली त्याच वर्षी गायिका कार्मेन मॅकरेने शर्ली हॉर्नला पियानोवर घेऊन सॅरासाठी अख्खा अल्बम केला, आणि तो कार्मेनचाही शेवटचा ठरला. गायिका डी डी ब्रिजवॉटरने एला फिट्झजेराल्डवर एक केला, पुढे बिली हॉलिडेवर एक, आणि दोन्हींना ग्रॅमी मिळालं. शिवाय शंभरी म्हटल्यावर अशा अल्बमांचा पाऊस पडणार हे उघड होतं.

पैशांची जुळवाजुळव अशी: एका स्थानिक संस्थेचं बारा हजार डॉलर अनुदान, गायिकेचे स्वतःचे सात हजार, आणि एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने सीडी छापून वितरण करायचं कबूल केलेलं. कंपनीशी करार झाला नव्हता, ईमेलवर ‘नक्की’ होतं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अडचण

२०२३ च्या मे महिन्यात पियानोवाल्या आजोबांच्या घरी चार गाणी नमुन्यादाखल रेकॉर्ड केली. आजोबा म्हणजे आमचे पियानोवादक आणि संयोजक. वय चौऱ्याहत्तर, तरुणपणी सॅराला प्रत्यक्ष ऐकलेले. ‘मिस्टी’, ‘टेंडरली’, ‘लल्लबाय ऑफ बर्डलँड’ आणि ‘सेंड इन द क्लाउन्स’.

चारही गाणी सुंदर झाली होती. सॅराची एक खासियत अशी, की ती स्वर आधी सपाट, काठीसारखा सरळ धरते आणि सोडता सोडता त्याला रुंद हेलकावा देते. आपल्याकडे आंदोलन म्हणतो त्याच्या जवळपासचं काहीतरी, पण जास्त ऐसपैस. दुसरी खासियत म्हणजे खालच्या सुराकडे मींड घेत उतरणं, इतकं खाली की ऐकणाऱ्याला वाटावं आता पायरी संपली, आणि तिथे तिला आणखी एक पायरी सापडते. आमच्या गायिकेने हे दोन्ही हुबेहूब उचललं होतं. टेबलावरचा छोटा स्पीकर बंद करून आजोबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “छान आहे. पण ही रेकॉर्ड माझ्याकडे आधीपासून आहे.”

ती काही बोलली नाही. कोट उचलला आणि निघून गेली. नंतर कळलं, गाडीत पाऊण तास बसून होती.

आजोबांना जे खटकलं तेच कंपनीला भयंकर आवडलं. “डोळे मिटले तर सॅराच!” असं त्यांनी कळवलं. वर दहा गाण्यांची यादी पाठवली, सगळी सॅराची गाजलेली, आणि मुखपृष्ठावर सॅराचा फोटो हवा अशी सूचना. दहा गाण्यांच्या वर ठळक अक्षरांत होतं ‘सेंड इन द क्लाउन्स’. ते नसेल तर अल्बमला अर्थ नाही, असा त्यांचा सूर.

म्हणजे गाडं अडलं ते कौशल्यावर नाही. गायिकेला नक्कल साधत होती, आणि ती साधत होती हीच पंचाईत होती. त्यात शंभरीची तारीख ठरलेली, अनुदानाचा अहवाल पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत द्यायचा, आणि ज्याच्या जिवावर सीडी छापायची त्या कंपनीला नेमकी नक्कलच हवी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कंपनीचा: गाजलेली दहा गाणी, सॅराच्याच ढंगात. याला हसण्यात अर्थ नाही. सभागृहांचे आयोजक असं काहीतरी मागतातच, एका ओळीत सांगता येतं, तिकिटं विकली जातात. आपल्याकडे अमुकतमुक नाईट भरवणारे आणि तिला गर्दी करणारे आपणच असतो. गायिकेलाही वर्षभराची कामं मिळाली असती. मी हिशोबनीस म्हणून हाच पर्याय लिहून दिला होता, हे कबूल करायला हवं.

दुसरा पर्याय आजोबांचा: सॅराची गाणी घ्यायची, पण सगळं उलटंपालटं करायचं. संथ गाणी जलद, जलद गाणी संथ, एखादं पाच मात्रांत. गायिकेने दोन गाणी करून पाहिली. पण नक्कल टाळायची म्हणून ठरवून वेगळं केलेलंही नकलेइतकंच उसनं वाटतं. आजोबांनी स्वतःच तो नाद सोडला.

तिसरा पर्याय: अल्बमच रद्द करून अनुदान परत द्यायचं. यावर फार चर्चा झाली नाही, पण एका रात्री बारा वाजता तिने मला फोन करून पैसे परत करायची पद्धत विचारली होती, म्हणजे तो तिच्या मनात होता.

चौथा पर्याय कुणी मांडला नाही, तो हळूहळू घडत गेला. इथेच मी माझी पायरी सोडली. जूनमधल्या एका बैठकीत, सगळे वैतागलेले असताना, मी कुमार गंधर्वांची गोष्ट सांगितली. बालगंधर्वांच्या नाट्यपदांचा कार्यक्रम कुमारांनी केला तेव्हा त्याला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. आमच्या दादरच्या घरात त्यावरून बाबा आणि काका दर दिवाळीला भांडायचे. काकांचं म्हणणं, यात बालगंधर्व कुठे आहेत? बाबा म्हणायचे, नावातला पहिला शब्द वाच.

गायिकेने विचारलं, ‘उमजणं’ म्हणजे काय? इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. शेवटी म्हटलं, समजतं ते कुणी समजावून सांगितल्यावर, उमजतं ते आपलं आपल्याला, आणि बहुतेक वेळा उशिरा. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मला सॅरातलं काय उमजलंय, हे मला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.”

तो प्रश्न घेऊन ती घरी गेली, आणि आठवड्याने आली ती आवाजाबद्दल एक शब्द न बोलता. म्हणाली, सॅरा पियानिस्ट होती. ती गाते तेव्हा सूर सुटे निवडत नाही, तिच्या कानात अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा जुडगा, वाजत असते आणि त्यातला कुणाच्या ध्यानीमनी नसलेला सूर ती उचलते. मीही चर्चमध्ये आठव्या वर्षापासून पियानोवर होते. गाणं सुरू झालं आणि पियानो सुटला. तिच्यातलं मला उमजलंय ते एवढंच, आणि तेच मी वापरत नाहीये.

पहिला निर्णय: गाणी कुठली

यानंतर तिने एक नियम केला. प्रत्येक गाणं आधी एकटीने पियानोवर बसवायचं, सॅराची रेकॉर्ड न ऐकता. जे तसं बसेल तेच ठेवायचं. या चाळणीतून नऊ गाणी उरली.

काही निवडी सरळ होत्या. ‘इफ यू कुड सी मी नाऊ’ टॅड डॅमरनने १९४६ मध्ये सॅरासाठीच रचलं, ते हवंच होतं. ‘पुअर बटरफ्लाय’ १९१६ चं, म्हणजे हक्कमुक्त, हिशोबनीस खूश. एक एकोणिसाव्या शतकातलं चर्चगीत घेतलं, ज्यात पियानोवर ती स्वतः बसणार होती.

वाद झाला तो ‘ब्रोकन हार्टेड मेलडी’वर. १९५९ मध्ये हे सॅराचं सगळ्यात जास्त खपलेलं गाणं ठरलं, बिलबोर्डच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि सॅराला ते अजिबात आवडायचं नाही. तिच्या लेखी ते बाळबोध होतं. लोक मात्र जन्मभर त्याचीच फर्माईश करत राहिले. ज्या बाईला मुजरा करायचा, तिच्या नावडीचं गाणं तिच्याच शंभरीला गायचं का? आजोबांचं स्पष्ट मत, गाऊ नये, हा उर्मटपणा आहे. गायिकेने ते मूळच्या ठुमकत्या लयीऐवजी अतिसंथ लयीत, नुसत्या डबल बेसबरोबर गाऊन दाखवलं. चाल तीच, शब्द तेच. पण मधली ती गोड-गोड सुरावट लय काढून घेतल्यावर एकदम एकाकी वाटायला लागली. आजोबा म्हणाले, “असं असतं तर तिला आवडलं असतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण ठेव.”

आणि ‘सेंड इन द क्लाउन्स’. या गाण्याची एक गंमत आहे. संगीतकार सॉन्डहाइमने १९७३ च्या संगीतिकेसाठी ते लिहिलं तेव्हा ती भूमिका करणाऱ्या ग्लिनिस जॉन्सचा श्वास लांब टिकत नसे, म्हणून त्याने मुद्दाम तोकड्या ओळी रचल्या. मग ते सॅराच्या हाती आलं, जिला श्वासाची ददात नव्हती, आणि तिने एकेका ओळीचं पटांगण करून टाकलं. १९७४ मध्ये गायली, १९८१ मध्ये काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्राबरोबर पुन्हा, आणि मैफिलींचा शेवट कित्येकदा त्यानेच.

गायिकेने ते पियानोवर बसवायचा तीन आठवडे प्रयत्न केला. दर वेळी शेवटच्या कडव्यात सॅरा येऊन बसायची. तोकड्या ओळींकडे परत जायचाही विचार झाला, तेव्हा आजोबा म्हणाले, मग तो मुजरा ग्लिनिस जॉन्सला होईल. २१ ऑगस्टला तिने कंपनीला कळवलं की हे गाणं अल्बमात नसेल.

चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. भाषा सभ्य, अर्थ एवढाच की मग आम्हीही नसू.

इथे मला आमची चूक दिसते. गाणं गाळण्याचा निर्णय जूनच्या अखेरीस मनाने झाला होता. कंपनीला कळवलं ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, स्टुडिओची तारीख पंधरा दिवसांवर आलेली असताना. जूनमध्ये सांगितलं असतं तर दुसरी कंपनी शोधायला दहा आठवडे मिळाले असते. आणि कागदावर सही असती तर निदान बोलणी तरी झाली असती.

स्टुडिओतले तीन दिवस

स्टुडिओतला निर्णय एकच, पण त्याने सगळं ठरलं. हल्ली गायकाला काचेच्या वेगळ्या खोलीत उभं करतात, म्हणजे आवाज स्वतंत्र मुद्रित होतो आणि एखादी ओळ चुकली तर तेवढीच पुन्हा गाऊन जोडता येते. गायिकेने सांगितलं, मला पियानोपासून हाताच्या अंतरावर उभं राहायचं आहे. मग पियानो तिच्या माइकमध्ये येणार, तिचा आवाज पियानोच्या माइकमध्ये, आणि नंतर दुरुस्ती करायची सोय संपली. इंजिनियरने तीनदा विचारून खात्री केली. त्याने शेवटी आमची लेखी संमती घेतली, तो फार शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘इफ यू कुड सी मी नाऊ’चे पाच टेक झाले. चौथा लागला. इतका लागला की काचेपलीकडे कुणी हललं नाही. आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर बेसवाल्याचं बोट अर्धा सूर वर पडलं होतं, स्पष्ट ऐकू येतं. वेगळ्या खोल्या असत्या तर दोन मिनिटांचं काम होतं. पाचवा टेक स्वच्छ आला, पण मेलेला. बेसवाला काकुळतीला येऊन म्हणाला, पाचवा ठेवा. गायिका म्हणाली, तुझं बोट घसरलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ त्यामुळेच तशी आली, मी चौथा सोडणार नाही. अल्बमात चौथाच आहे. तो घसरलेला सूर मला आता वाट पाहून ऐकायची सवय झाली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चर्चगीत, ती स्वतः पियानोवर. तिचा डावा हात कच्चा आहे, लय किंचित पुढेमागे होते. आजोबा तिच्या मागे खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी काहीही सुचवलं नाही. एकच टेक.

परवाने, आणि सात आठवड्यांचा घोळ

हा भाग रूक्ष आहे, पण असं काही करू बघणाऱ्यांना बहुधा याचाच उपयोग होईल.

अमेरिकेत एखादं गाणं एकदा रीतसर प्रसिद्ध झालं की ते पुन्हा गाऊन सीडी काढायला मालकाची मनधरणी करावी लागत नाही. कायद्याने ठरलेला दर भरून सक्तीचा परवाना मिळतो. २०२४ मध्ये तो दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे १२.४ सेंट होता, त्याहून लांब गाण्याला मिनिटाला २.३८ सेंट, आणि मिनिटाचा तुकडाही पूर्ण मिनिट धरायचा. आमच्या नऊपैकी दोन गाणी हक्कमुक्त. उरलेल्या सातांत पाच आखूड, म्हणजे हजार सीडींना ६२० डॉलर. एक सहा मिनिटं वीस सेकंदांचं, म्हणजे सात मिनिटं धरून १६६ डॉलर ६० सेंट. एक पाच मिनिटं चाळीसचं, १४२ डॉलर ८० सेंट. एकूण ९२९ डॉलर ४० सेंट. स्ट्रीमिंगचा हिशोब यात नाही. २०२१ पासून तो एमएलसी नावाच्या मध्यवर्ती व्यवस्थेतून होतो आणि ते पैसे स्ट्रीमिंग कंपन्याच भरतात.

या परवान्यात आपल्या ढंगाने संयोजन करता येतं, लय बदलता येते. मूळ चाल आणि गाण्याचा मूळ स्वभाव मोडायचा नाही, एवढी अट. त्यामुळे ‘ब्रोकन हार्टेड मेलडी’ संथ करायला अडचण आली नाही. नवे शब्द घालणं मात्र यात बसत नाही, आणि आमचं घोडं तिथेच पेंड खायला थांबलं.

सॅराने १९८२ मध्ये जो पासच्या गिटारीबरोबर ‘ऑटम लीव्ह्ज’ गायलं, त्यात मूळ गाण्याचा एक शब्द नाही, मूळ चालही जवळपास नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवरच्या आलापी-तानाच म्हणा ना. आमच्या गायिकेने दहावं गाणं म्हणून त्यातल्या एका लांब तुकड्यावर, सुराला सूर लावून, स्वतःचे इंग्रजी शब्द बसवले होते. तानेला शब्द चिकटवण्याचा हा प्रकार जॅझमध्ये मान्य आहे, त्याला व्होकलीज म्हणतात. शब्द होते आईच्या इस्त्रीबद्दल. आजोबांच्या मते अल्बममधली सर्वांत चांगली चीज तीच होती, आणि मलाही तसंच वाटतं.

पण याला गाण्याच्या प्रकाशकाची खास परवानगी लागते, आणि तो नाही म्हणू शकतो, किंवा काहीच म्हणत नाही. मी गाफील राहिलो. रेकॉर्डिंग आधी झालं, पत्र नंतर गेलं, तेही नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि चुकीच्या विभागाकडे. योग्य पत्ता मिळेपर्यंत नाताळ आला. आम्ही एकूण सात आठवडे थांबलो, कारण ते गाणं धरून दहा गाण्यांचा क्रम लावलेला होता. शेवटी १९ जानेवारीला ते काढून टाकलं आणि क्रम नव्याने लावला.

मुखपृष्ठाचं त्यामानाने सोपं गेलं. विल्यम गॉटलिब यांनी १९४६ मध्ये न्यू यॉर्कच्या कॅफे सोसायटीत काढलेला सॅराचा फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि गॉटलिब यांच्या इच्छेनुसार तो संग्रह २०१० पासून सर्वांना खुला आहे. म्हणजे छायाचित्रकाराचा हक्क नाही. पण फोटोतल्या व्यक्तीचा हक्क वेगळा असतो. कॅलिफोर्नियात तो मृत्यूनंतर सत्तर वर्षं टिकतो. वकीलबाईंनी सांगितलं, संगीताच्या अल्बमात वापरायला हरकत दिसत नाही, टी-शर्टवर मात्र छापू नका. तरी गायिकेने फोटो आतल्या पुस्तिकेत घेतला आणि बाहेर ठेवला तिच्या घरचा जुना उभा पियानो, एक पट्टी उडालेली. शीर्षकात सॅराचं नाव आहे, पण सुरुवात ‘मला’ या अर्थाच्या शब्दाने होते.

काय झालं

कंपनी गेल्यामुळे छपाईचा खर्च गायिकेवर आला. तिने तिचा दुसरा कीबोर्ड विकला. विनाइलची तबकडी काढायचं स्वप्न होतं, त्याला कारखान्याकडे काही महिने आधी नंबर लावावा लागतो, ते राहिलं. सीडी छापून आल्या ५ एप्रिल २०२४ ला. २७ मार्च हुकला होता. शंभरीच्या दिवशी न्यूअर्कमध्ये आमच्या हातात विकायला काही नव्हतं, आणि त्या आठवड्यातलं रेडिओवाल्यांचं कौतुक इतरांच्या वाट्याला गेलं.

प्रकाशनाची मैफल मेमध्ये एका चर्चच्या तळघरातल्या सभागृहात झाली. एकशे चाळीस खुर्च्या, थोड्या रिकाम्या. ‘ब्रोकन हार्टेड मेलडी’ सुरू झालं तेव्हा मागे दोन आज्या खुदकन हसल्या, त्यांना त्यांचं नाचायचं गाणं ओळखू आलं होतं. दुसऱ्या कडव्यानंतर हसू थांबलं. मध्यंतरात एक गृहस्थ रांगेत उभं राहून तिला भेटले आणि म्हणाले, ‘क्लाउन्स’ नाही? ती म्हणाली, “घरी गेल्यावर तिचं लावा.” त्यांनी सीडी घेतली नाही.

वर्षअखेरीस हजारातल्या सहाशे बारा सीडी गेल्या होत्या, बहुतेक मैफिलींनंतर टेबलावरून. गायिकेच्या पैशांतले सुमारे अडीच हजार डॉलर अजून अडकलेले आहेत. आता ती निम्म्या मैफिलीत स्वतः पियानोवर बसते. क्लबवाल्यांना ते परवडतं, एका वादकाचे पैसे वाचतात. हा फायदा आमच्या कुठल्याही यादीत नव्हता.

आज केलं असतं तर

कंपनीचं आणि करार नसल्याचं वर सांगितलंच. त्याशिवाय दोन गोष्टी.

नवे शब्द, भाषांतर, दोन गाण्यांची जोडणी असं काहीही असेल, तर परवानगीचं पत्र स्टुडिओची तारीख ठरवण्याच्या आधी जायला हवं. मी आता गाण्यांच्या यादीसमोर एक रकाना ठेवतो, ‘कुणी नाही म्हणू शकतं का?’ आणि तिथे ‘हो’ असेल त्या गाण्याला धरून क्रम लावू देत नाही.

दुसरी गोष्ट नमुना ध्वनिमुद्रणाची. ते चार गाण्यांचं रेकॉर्डिंग आम्ही कंपनीला त्याच आठवड्यात पाठवलं, आजोबांचं बोलणं कानात ताजं असताना. पाठवायला नको होतं. एकदा त्यांनी ‘डोळे मिटले तर सॅराच’ ऐकलं, त्यानंतर दुसरं काहीही ऐकवलं तरी त्यांना ते कमीच वाटणार होतं. यावर आजोबांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, कंपनी गेली ते बरंच झालं, राहिली असती तर दर महिन्याला एक गाणं तिच्या मनासारखं करावं लागलं असतं. एकाच खोलीतल्या मुद्रणावरही आमचं एकमत नाही. मला अजून वाटतं की निदान बेस तरी वेगळा ठेवायला हवा होता. गायिका हे ऐकून घेते आणि विषय बदलते.

राहता राहिलं ‘ऑटम लीव्ह्ज’. प्रकाशकाचं उत्तर जूनच्या मध्यावर आलं, वरातीमागून घोडं. चार ओळींचं ईमेल: नव्या शब्दांना हरकत नाही, शब्दांवर मालकी प्रकाशकाची राहील, मान्य असल्यास सही करून पाठवावे. मी ते गायिकेला वाचून दाखवलं. मालकीच्या ओळीवर तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, आईची इस्त्री मी त्यांच्या नावावर करून द्यायची होय, बघते.

अजून बघतेच आहे. तो टेक आणि ते ईमेल माझ्या हार्ड डिस्कवर एकाच फोल्डरमध्ये आहेत. फोल्डरचं नाव ‘बाकी’.